विश्लेषण : पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट... बीडच्या रुग्णाला ते कितपत परवडते, कितपत टिकते?

दाढ पडली की सुरुवातीला कोणी फार मनावर घेत नाही. दुसऱ्या बाजूने चावता येते. मग त्या बाजूची दाढही दुखू लागते, तीही काढावी लागते. काही वर्षांत ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाण्याची वेळ येते. शेंगदाणे, हरभरे, काकडी, पेरू ताटातून कमी होतात. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात दिसते : ‘तीन दिवसांत पक्के दात’, ‘आयुष्यभराची हमी’, ‘सुलभ हप्त्यांची सोय’. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावसारख्या शहरांतील दवाखान्यांच्या पाट्यांवरही आता ‘इम्प्लांट’ हा शब्द दिसतो. हे तंत्र नेमके काय आहे, सरकारी योजनेत ते बसते का आणि ऊसतोड, शेती किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घराने हा खर्च करावा का, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का चर्चेत?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण आयुष्मान कार्डाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. त्यांना ‘वय वंदना’ कार्ड मिळते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. कार्ड हातात आल्यावर ‘यात दात बसतील का?’ हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. याच वयात सर्वाधिक दात गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालानुसार जगात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नाही.

दुसरे कारण बाजाराचे. पूर्वी इम्प्लांट मुंबई-पुण्यात, श्रीमंतांसाठी होते. आता भारतीय आणि कोरियन बनावटीचे स्वस्त इम्प्लांट मिळतात, तालुक्याच्या गावातील दंतवैद्यही ते बसवतात. उपचार जवळ आला ही चांगली गोष्ट आहे. पण उपचार जवळ आला म्हणून तो प्रत्येकाला लागू पडतो असे नाही.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

लोक ज्याला ‘इम्प्लांटचा दात’ म्हणतात, त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू. त्याची जाडी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबी आठ ते तेरा मिलिमीटर असते. हाच खरा इम्प्लांट. दुसरा भाग म्हणजे त्यावर बसणारा जोड, ज्याला अबटमेंट म्हणतात. तिसरा भाग म्हणजे वरून दिसणारी कॅप, म्हणजेच दाताचा आकार.

टायटॅनियमच का, याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. त्यामुळे तो गंजत नाही आणि शरीर त्याला सहसा नाकारत नाही. हाडाच्या पेशी थेट त्या थराला लागून वाढतात आणि स्क्रू हाडात घट्ट रुजतो. या रुजण्याला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात. खालच्या जबड्यात यासाठी साधारण दोन-तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने तीन ते सहा महिने. तोपर्यंत त्यावर चावण्याचा जोर सहसा दिला जात नाही.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांत एक मोठा फरक आहे. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. तो गाडीच्या शॉकॲब्झॉर्बरसारखा काम करतो आणि खडा दाताखाली आला की मेंदूला लगेच कळवतो. इम्प्लांटला असा पडदा नसतो. त्यामुळे त्यावर पडणारा जोर थेट स्क्रूवर आणि हाडावर जातो. सुपारी फोडणे, दाताने बाटलीचे झाकण उघडणे या सवयी इम्प्लांटला म्हणूनच महागात पडतात.

हे तंत्र आले कुठून?

स्वीडनमधील डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेना. हाडाने ती पकडून ठेवली होती. यातूनच दातांसाठी हा धातू वापरण्याची कल्पना पुढे आली. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले, तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते काम करत होते. १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर हे तंत्र जगभर मान्य झाले.

म्हणजे तंत्र जुने आणि तपासलेले आहे. दीर्घकाळाच्या अभ्यासांत दहा वर्षांनंतरही सुमारे ९५ टक्के इम्प्लांट जागेवर असल्याचे दिसते. मात्र हे अभ्यास बहुतांशी निवडक रुग्णांवर, नियमित तपासणी होत असलेल्या दवाखान्यांतले आहेत. बीडच्या एखाद्या तांड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या रुग्णाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. त्याची कारणे पुढे येतील.

कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट यांत फरक काय?

दात बसवण्याचे मुख्य पर्याय तीन.

*काढता-घालता येणारे दात (कवळी)* : सर्वांत स्वस्त. शस्त्रक्रिया नाही. पूर्ण कवळी हिरडीवर टेकते. वरची कवळी टाळूला चिकटून बरी बसते, खालची मात्र जिभेच्या हालचालीने सरकते. कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या तुलनेत बराच कमी मिळतो. काही वर्षांनी हाड झिजून ती सैल होते आणि पुन्हा बसवून घ्यावी लागते.

*ब्रिज* : मधला एक दात नसेल तर शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर तीन कॅपांचा पूल बसवतात. काम दोन-तीन फेऱ्यांत होते. तोटा असा की शेजारचे चांगले दात घासावे लागतात. त्यांतला एक किडला तर पूर्ण पूल जातो.

*इम्प्लांट* : शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. चावण्याचा जोर नैसर्गिक दाताच्या जवळ जातो. त्या जागचे हाड बऱ्यापैकी टिकून राहते. तोटे : शस्त्रक्रिया, वेळ, खर्च आणि कायमची निगा.

या तिन्हींच्या मधला एक पर्याय आहे आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही. खालच्या जबड्यात पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि त्यांच्यावर बटणासारखी अडकणारी कवळी घालायची. कवळी सरकत नाही, रात्री काढून धुता येते आणि सगळ्या दातांसाठी इम्प्लांट बसवण्याच्या तुलनेत खर्च कितीतरी कमी होतो. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्यांसाठी हाच पहिल्या पसंतीचा उपचार असावा, असे मत मांडले होते. सगळे दात गेलेल्या वृद्धांनी दंतवैद्याला हा पर्याय आवर्जून विचारावा.

खर्च किती? उसाच्या टनात मोजला तर?

खासगी दवाखान्यात कॅपसह एका इम्प्लांटचा खर्च ढोबळमानाने २० ते ५० हजार रुपयांच्या घरात जातो. कंपनी, कॅपचा प्रकार आणि हाड भरण्याची गरज यावर तो बदलतो. हाड कमी असेल तर कृत्रिम हाडाची भुकटी भरावी लागते. त्याचे पैसे वेगळे.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. इम्प्लांटचा खर्च ३० हजार धरला तर तो जवळपास ८२ टन ऊस तोडण्याच्या मजुरीएवढा होतो. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला दोन ते अडीच टन तोडते असे धरले तर दोघांची महिना-सव्वा महिन्याची मजुरी एका दातात जाते. त्यातही ही मजुरी बहुधा मुकादमाकडून आधीच उचल म्हणून घेतलेली आणि घरात खर्च झालेली असते. दातासाठी उचल वाढवून घेतली तर फेड पुढच्या हंगामावर जाते.

हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे इम्प्लांट यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली. दातांच्या इम्प्लांटवर अशी मर्यादा नाही. त्यामुळे एकाच कंपनीच्या इम्प्लांटचा दर दोन दवाखान्यांत वेगळा असू शकतो. खर्च विचारताना ‘एका दाताचे किती?’ एवढेच विचारून भागत नाही. त्यात स्क्रू, जोड, कॅप, एक्स-रे, स्कॅन, हाडाची भुकटी आणि पुढच्या तपासण्या यांतले काय आहे, हे लेखी घेणे महत्त्वाचे.

आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेत इम्प्लांट मिळते का?

याचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. आयुष्मान भारत योजनेच्या नियमांत कोणते उपचार वगळले आहेत, याची यादी दिली आहे. त्यात दाताची पोकळी भरणे, रूट कॅनल, दातांची झीज, हिरड्यांचे आजार यांच्यासोबत ‘डेंटल इम्प्लांट’चा नावानिशी उल्लेख आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान योजना महाराष्ट्रात एकत्रित राबवली जाते. ७० वर्षांवरील ज्येष्ठांच्या ‘वय वंदना’ कार्डालाही आयुष्मानचेच नियम लागू आहेत. कार्डावर दात बसवून देतो, असे कोणी सांगत असेल तर रुग्णाने सावध व्हावे.

यात एक अपवाद आहे. अपघातात जबडा मोडला, जबड्यात गाठ किंवा ट्यूमर झाला आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन हाडावर उपचार करावे लागले, तर ते उपचार योजनेत बसू शकतात. दुचाकी अपघातात जबड्याला मार लागलेल्यांनी म्हणूनच आधी योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. आरोग्य विम्याच्या खासगी पॉलिसींचेही साधारण असेच असते : अपघातातून आलेला दाताचा उपचार काही वेळा मिळतो, किडीने किंवा हिरडीच्या आजाराने गेलेल्या दाताचा मिळत नाही.

मग सरकारकडून दातांसाठी काहीच नाही का?

आहे, पण ते कवळीपुरते. एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’त गरजू ज्येष्ठांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा, व्हीलचेअर यांच्याबरोबर कृत्रिम दातही मोफत देण्याची तरतूद आहे. ‘ॲलिम्को’ या सरकारी कंपनीमार्फत तपासणी शिबिरे घेऊन हे साहित्य वाटले जाते. शिबिरात नाव नोंदवताना काठी-चष्म्याबरोबर दातांचीही मागणी नोंदवता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

याच नावाशी मिळतीजुळती राज्याची ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ २०२४ मध्ये आली. त्यात ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यावर एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. ही रक्कम चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी आहे. दोन्ही योजनांत गल्लत होऊ नये.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत दंत विभाग उभारणे अपेक्षित आहे. तिथे तपासणी, दात काढणे, स्वच्छता, दात भरणे अशी कामे होतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय जिल्ह्याच्या पूर्व भागाला जवळ पडतो. इम्प्लांटसारखा उपचार कमी खर्चात हवा असेल तर दंत महाविद्यालयांकडे चौकशी करावी लागते. मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. बीडहून ते सुमारे १३० किलोमीटर, तर अंबाजोगाईहून दोनशेहून अधिक. बीड आणि लातूर येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च सहसा कमी पडतो.

तंबाखू, मिश्री आणि साखर यांचा संबंध काय?

इम्प्लांट टिकेल की नाही, हे स्क्रूपेक्षा तोंडाच्या स्थितीवर अधिक ठरते.

राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. पुरुषांत हे प्रमाण ३१.७ टक्के, महिलांत १६.६ टक्के. ग्रामीण भागात अनेक महिला सकाळी मिश्री लावतात. ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ ही समजूत अजून गेलेली नाही. प्रत्यक्षात भाजलेला तंबाखू हिरडीवर रोज घासल्याने हिरडी मागे सरकते, दातांची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळले आहे. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो.

साखरेचेही तसेच. मधुमेह नियंत्रणात असेल तर इम्प्लांट करता येते. त्यासाठी दंतवैद्य तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, तपासायला सांगतात. ती सात-आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणणे शहाणपणाचे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. हाडे ठिसूळ होण्यावरचे किंवा कर्करोगाचे इंजेक्शन घेतले असेल तर ते दंतवैद्याला आधीच सांगावे. त्यातील काही औषधांमुळे जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे ‘इम्प्लांटला कीड लागत नाही, मग घासायचे कशाला?’ कीड लागत नाही हे खरे. पण भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होतो. त्याला ‘पेरी-इम्प्लांटायटिस’ म्हणतात. तो बराच काळ दुखत नाही आणि आतून हाड खात जातो. ज्या अस्वच्छतेने पहिला दात गेला, तिच्यात बदल झाला नाही तर महागडा स्क्रूही जातो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी वेळ कशी जुळवावी?

हा प्रश्न शहरी माहितीपत्रकात सापडत नाही, पण बीडमध्ये तो कळीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. इम्प्लांटचा उपचार तीन ते सहा महिने चालतो आणि त्यात चार-सहा फेऱ्या होतात. सप्टेंबरमध्ये स्क्रू बसवून कोपीवर राहायला गेले तर टाके, सूज, संसर्ग यांकडे पाहायला कोणी नसते. पाणी जपून वापरावे लागते, पहाटेपासून काम असते, तोंडाची स्वच्छता दुय्यम ठरते.

म्हणून हंगामाहून परतल्यावर एप्रिल-मे महिन्यात तपासणी आणि शस्त्रक्रिया, पावसाळ्यात हाड रुजण्याचा काळ आणि सप्टेंबरपर्यंत कॅप हे वेळापत्रक खालच्या जबड्यासाठी जमू शकते. वरच्या जबड्यात किंवा हाड भरावे लागणार असेल तर ते एका उन्हाळा-पावसाळ्यात पूर्ण होईलच असे नाही. हे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. वेळ जुळत नसेल तर ब्रिज किंवा कवळी हा तडजोडीचा नव्हे, तर योग्य निर्णय ठरतो.

दात काढल्यानंतर फार वर्षे थांबल्यास दुसरी अडचण येते. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. इम्प्लांट करण्याचा विचार असेल तर दात काढण्यापूर्वीच तसे बोलून घ्यावे.

‘तीन दिवसांत पक्के दात’ या दाव्यात तथ्य किती?

काही रुग्णांत स्क्रू बसवल्यावर लगेच किंवा काही दिवसांत त्यावर दात बसवता येतात. हाड भरपूर आणि घट्ट असेल, स्क्रू पुरेशा जोराने घट्ट बसला असेल आणि अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडलेले असतील, तर तसे केले जाते. हा जोर यंत्रावर मोजतात. तो साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या वर असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे तंत्र खोटे नाही, पण ते ‘सर्वांसाठी’ नाही. तपासणीपूर्वीच तीन दिवसांचा शब्द देणे म्हणजे माती न पाहता विहिरीला पाणी लागण्याची हमी देण्यासारखे आहे.

‘आयुष्यभराची हमी’ही नीट वाचावी. ती बहुधा कंपनीच्या स्क्रूपुरती असते. नवा स्क्रू फुकट मिळाला तरी पुन्हा शस्त्रक्रिया, हाड भरणे आणि कॅप यांचे पैसे रुग्णालाच द्यावे लागू शकतात.

दुसऱ्या टोकाला आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला दात बसवून देणारे असतात. ते शेजारच्या दातांना तार किंवा रासायनिक मसाला लावून दात चिकटवतात. तो काढता येत नाही, खाली अन्न अडकते आणि शेजारचे चांगले दातही जातात. दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

बीडच्या जुन्या अनुभवातून काय शिकायचे?

२०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. दाताचा इम्प्लांट आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांची तुलना होत नाही. पण शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी रुग्णाला पर्याय कळतात का, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. हाती थोडे पैसे आलेले, पुन्हा दवाखान्यात यायला सुट्टी मिळणार नाही ही धास्ती आणि डॉक्टरांना उलट विचारायचे कसे हा संकोच. अशा वेळी घाईने होकार दिला जातो.

ज्या दाढेला रूट कॅनल करून वाचवता येते ती काढून इम्प्लांट सुचवले जात असेल, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. स्वतःचा दात, तो थोडा दुरुस्त केलेला असला तरी, बहुतेक वेळा इम्प्लांटपेक्षा सरस असतो.

होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

– हा दात वाचवता येईल का? नसेल तर का नाही, हे एक्स-रेवर दाखवावे.
– कवळी आणि ब्रिजचा खर्च किती? माझ्या बाबतीत इम्प्लांटच का?
– हाड किती आहे? सीबीसीटी स्कॅन लागेल का?
– एकूण खर्च किती? तो लेखी मिळेल का?
– एकूण किती फेऱ्या आणि किती महिने?
– स्क्रू हाडात रुजला नाही तर पुढे काय? खर्च कोणाचा?
– वर्षातून किती वेळा तपासणीला यावे लागेल?

उपचार झाल्यावर इम्प्लांटचे कार्ड किंवा डबीवरचे स्टिकर मागून घ्यावे. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी आणि बॅच क्रमांक असतो. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. पाच वर्षांनी कोल्हापूर किंवा बेळगावकडे असताना स्क्रू सैल झाला आणि कार्ड नसेल, तर तिथला दंतवैद्यही हतबल होतो. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवणे सोपे आहे.

धोरण म्हणून पुढे काय?

ब्राझीलने २००४ मध्ये सार्वजनिक दंतसेवेचा मोठा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे त्यात कवळीसह इम्प्लांटचाही समावेश केला. भारतात सर्वांना मोफत इम्प्लांट ही मागणी आज वास्तवाला धरून नाही. पण तिच्या अलीकडे करण्यासारखे बरेच आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती, तालुके ११ आहेत. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दात काढण्याबरोबर रूट कॅनल नियमित झाले, कवळी बनवणारी प्रयोगशाळा जिल्हा पातळीवर चालली आणि कारखान्यांच्या परिसरात हंगामात एकदा दंत तपासणी झाली, तर इम्प्लांटची गरज पडणाऱ्यांची संख्याच कमी होईल. एकही दात नसलेल्या ज्येष्ठांसाठी दोन इम्प्लांटवरची कवळी योजनेत आणता येईल का, याचाही विचार व्हायला हवा. आयुष्मानच्या नियमांत दातांची झीज आणि इम्प्लांट वगळलेल्या उपचारांत मोडतात. ज्याला भाकरी चावता येत नाही, त्याच्यासाठी मात्र तो रोज दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न आहे.

तोपर्यंत रुग्णाच्या हाती असलेला क्रम असा : तंबाखू-मिश्री सोडणे, दुखणारा दात वेळेत दाखवणे, वाचणारा दात वाचवणे, गेलेल्या दातासाठी आधी चांगली कवळी किंवा ब्रिज पाहणे आणि हाड, साखर, पैसा आणि वेळ या चारही गोष्टी जुळत असतील तरच इम्प्लांटला होकार देणे.